पाकिटावरची लिंक कोणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न

या वेळी इंदूरच्या वाचकांकडून आलेली चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे; उरलेल्या तिघांनीही ते वाचावे, कारण त्यांच्या उत्तरांचा बराचसा भाग तिथेच आहे.

प्रश्न : आमचे शेव-नमकीनचे दुकान मल्हारगंजात असून सांवेर रोडवर लहानसा कारखाना आहे. थोडा माल पुण्या-नागपूरकडेही जातो. गेल्या दिवाळीआधी आम्ही जुनी वेबसाइट काढून ऑनलाइन ऑर्डर घेणारी नवी वेबसाइट केली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे मुख्य नाव, तेच ठेवले, पण आतल्या प्रत्येक पानाचा पत्ता बदलला, त्यामुळे गूगलवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांना ‘हे पान सापडले नाही’ एवढेच दिसते. दुसरी अडचण पाकिटांची आहे. पाकिटामागचा क्यूआर कोड आम्ही एका फुकट सेवेवरून बनवून घेतला होता. आता तो स्कॅन केला की आधी जाहिरात येते आणि मग ‘आपली योजना संपली आहे’ अशी सूचना येते. एक विक्रेता म्हणतो की वर्षाचे पैसे भरून लिंक मॅनेजमेंटची, म्हणजे लिंका बनवून हव्या तेव्हा हव्या त्या पानाकडे वळवण्याची, सेवा घ्या, दोन्ही प्रश्न सुटतील. माझा भाचा म्हणतो की तो पैशांचा चुराडा आहे, सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या संगणकावर, चार ओळी लिहिल्या की जुना पत्ता नव्याकडे वळतो, म्हणजे रीडायरेक्ट होते. कोणाचे ऐकावे?
— एक व्यावसायिक, मल्हारगंज

उत्तर : वेबसाइटच्या बाबतीत आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. पाकिटांच्या बाबतीत विक्रेता अर्धा बरोबर आहे, आणि जी अर्धी गोष्ट त्याने आपल्याला सांगितलेली दिसत नाही, तीच अधिक महत्त्वाची आहे.

दोन्ही उपायांच्या पोटात काय घडते ते आधी पाहू. गिऱ्हाइकाने लिंक उघडली की त्याचा फोन त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे पान मागतो. पान तिथे नसेल, पण ते कुठे गेले हे सर्व्हरला सांगून ठेवलेले असेल, तर तो पानाऐवजी एक तीन आकडी संकेतांक आणि नवा पत्ता पाठवतो, आणि फोन मुकाट्याने त्या नव्या पत्त्यावर जातो. रस्तारुंदीकरणात दुकान हलले की जुन्या जागी आपण पाटी लावतो, तसेच हे आहे. ३०१ आणि ३०८ या संकेतांकांचा अर्थ ‘मुक्काम कायमचा हलवला आहे’ असा होतो, तर ३०२ आणि ३०७ यांचा अर्थ ‘सध्यापुरते तिकडे जा, पुढच्या वेळी पुन्हा इथेच विचारा’ असा होतो. वर्षाचे पैसे घेणारी सेवा असो की भाच्याच्या चार ओळी असोत, आत चालते ते एवढेच. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी कोणाकडे असते, ती कोणाला आणि किती सहज बदलता येते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद राहते की नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्या वेबसाइटची पाने एकदाच हलली आहेत आणि परत हलण्याचे कारण नाही. डोमेनही आपलेच आहे. अशा कामाला दरवर्षी पैसे भरण्याची गरज नाही. सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर अपाची असेल तर एका फाइलमध्ये, एनजिनएक्स असेल तर त्याच्या मांडणीत, आणि वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर त्यासाठी मिळणाऱ्या फुकट प्लगइनमध्ये, म्हणजे जोडसाधनात, हे काम होते. मात्र ‘चार ओळी’ हा शब्दप्रयोग भाच्याने जरा सढळपणे वापरला आहे. आपल्या जुन्या वेबसाइटवर जितकी पाने होती, साधारण तितक्या ओळी लागतील, आणि खरा वेळ ओळी लिहिण्यात न जाता यादी करण्यात जाईल. सर्च कन्सोल या वेबसाइटच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात न सापडलेल्या पानांची यादी मिळते; तिच्याशेजारी सर्व्हरची नोंदवही ठेवून पाहावी आणि लसूण शेवेचे जुने पान लसूण शेवेच्याच नव्या पानाकडे जाईल अशी जोडी लावावी. कंटाळा येऊन सगळी जुनी पाने मुखपृष्ठाकडे वळवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास गूगल त्या पत्त्यांना बहुधा ‘पान नाही’ असेच धरते, आणि गिऱ्हाइकाला तर पुन्हा शोधाशोध करावीच लागते. जुन्या पानावरून मधल्या पानावर आणि तिथून नव्या पानावर अशी साखळीही करू नये. गूगलचा बॉट, म्हणजे पाने तपासत फिरणारा प्रोग्रॅम, एका साखळीत दहा उड्यांपर्यंत मागोमाग जातो, पण मंद नेटवर्कवरच्या माणसाला प्रत्येक उडीची वाट पाहावी लागते. ही वळणे किमान वर्षभर ठेवावीत असे गूगल सांगते. माझे मत विचाराल तर ती काढूच नयेत. कारण त्यांना ना भाडे लागते ना जागा.

एका गोष्टीत मात्र सावध राहावे. ३०१ हा संकेतांक ब्राउझर स्वतःकडे साठवून ठेवतो. मी एकदा सणाच्या सवलतीच्या पानासाठी घाईघाईत ३०१ दिला होता. सण संपल्यावर ती ओळ काढून टाकली, तरी काही नेहमीचे ग्राहक पुढे कित्येक आठवडे त्या शिळ्या पानावरच उतरत राहिले, कारण ओळ माझ्या सर्व्हरवरून गेली होती, त्यांच्या फोनमधून गेली नव्हती. म्हणून भाच्याला आधी सगळी वळणे ३०२ने लावून तपासायला सांगावे, आणि जोड्या बरोबर जुळल्याची खात्री झाल्यावरच ३०१ करायला सांगावे.

आता पाकिटे. येथे परिस्थिती उलट आहे. वेबसाइटवरची ओळ दुपारी चुकली तर संध्याकाळी दुरुस्त करता येते. छापलेल्या रोलवरची ओळ दुरुस्त होत नाही. पाउचच्या लॅमिनेटवर काही बदलायचे तर छपाईचे नवे सिलिंडर करावे लागतात आणि रोलची किमान ऑर्डर द्यावी लागते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यामुळे गोदामात उरलेले रोल संपेपर्यंतचा काळ आणि शेवटच्या पाकिटाची मुदत, एवढा वेळ तरी ती छापलेली लिंक जिवंत राहिली पाहिजे, आणि त्या काळात तिच्यामागचे पान मात्र बदलता आले पाहिजे : दिवाळीत भेटीच्या डब्यांचे, मग एरवीचे, आणि एखाद्या बॅचबद्दल काही सांगायची वेळ आलीच तर त्या सूचनेचे. असे सतत बदलणारे लक्ष्य सांभाळणे हेच लिंक मॅनेजमेंटच्या सेवेचे काम आहे. भाच्याच्या फाइलमध्येही ते करता येते, पण दर वेळी सर्व्हरवर हात घालावा लागतो, आणि भाच्याला उद्या बंगळूरला नोकरी लागली की तो हात कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो.

विक्रेत्याने न सांगितलेली गोष्ट अशी, की सेवा कोणतीही घ्या, छापायची लिंक त्या सेवेच्या नावाने सुरू होता कामा नये. ती आपल्या डोमेनच्या नावाने सुरू झाली पाहिजे. आपल्या डोमेनच्या आधी एक-दोन अक्षरे जोडून सबडोमेन करता येते. डोमेनच्या डीएनएस नोंदींमध्ये, म्हणजे कोणते नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या यादीत, ‘सीनेम’ प्रकारची एक नोंद घातली की ते सबडोमेन निवडलेल्या सेवेकडे बोट दाखवते. उद्या ती सेवा बंद पडली, महागली किंवा तिच्याशी आपले बिनसले, तर लिंकांची यादी काढून घ्यावी, दुसरीकडे चढवावी आणि तेवढी एक नोंद बदलावी. पाकिटाला या घडामोडीचा पत्ताही लागत नाही. आपल्या आताच्या पाकिटांचे जे झाले ते फुकट सेवा घेतल्यामुळे झाले, असे मी म्हणणार नाही. पैसे भरून घेतलेली सेवा असती आणि नाव तिचेच असते, तरी हीच पाळी कधी ना कधी आली असती.

‘मोठ्या कंपनीचे नाव असले की धोका नाही’ असे काही जण म्हणतात, म्हणून गूगलचेच उदाहरण देतो. लिंक आखूड करण्याची गूगलची सेवा २००९मध्ये सुरू झाली. २०१८मध्ये ती आवरती घेण्याची घोषणा झाली आणि २०१९पासून नव्या लिंका बनवणे थांबले. जुन्या लिंका चालू राहतील अशा समजुतीत लोक असताना २०२४मध्ये जाहीर झाले, की २५ ऑगस्ट २०२५ नंतर त्याही चालणार नाहीत. मुदत तोंडावर आल्यावर कंपनीने थोडी माघार घेतली आणि वापरात असलेल्या लिंका राखल्या, पण ज्यांच्या लिंका छापील कागदांवर होत्या त्यांचे वर्ष टांगणीला लागले. ॲपच्या लिंकांसाठी वापरली जाणारी गूगलच्याच फायरबेसची डायनॅमिक लिंक्स ही सेवा तर त्याच दिवशी बंद झाली.

विक्रेता पुन्हा आला की त्याला आधी विचारावे, की आपले डोमेन जोडण्याची सोय कोणत्या योजनेत आहे, कारण ती बहुधा सगळ्यात स्वस्त योजनेत नसते. त्या सबडोमेनसाठी सुरक्षा प्रमाणपत्र आपोआप मिळते का आणि सगळ्या लिंकांची यादी फाइल म्हणून बाहेर काढता येते का, हेही विचारावे. पुढचा प्रश्न लोक विसरतात : पैसे भरणे थांबले तर नुसते बदल करणे बंद होते, की लिंकाच मरतात? शेवटी संकेतांकाचे विचारावे. अनेक सेवा सवयीने ३०१ देतात. पाकिटासाठी ३०२ किंवा ३०७ हवा, नाहीतर दिवाळीत स्कॅन केलेल्या फोनला संक्रांतीतही दिवाळीच दिसण्याचा संभव आहे. या प्रश्नांवर विक्रेता गडबडला तर सेवा वाईटच आहे असे नव्हे, पण उत्तरे लेखी मिळेपर्यंत पैसे भरू नयेत.

फुकटचा तिसरा मार्गही आहे. युअर्ल्स नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवता येते आणि त्यात आखूड लिंका, बदल, मोजदाद हे सारे असते. ते चांगले आहे. पण त्याची वेळोवेळी डागडुजी करणारा माणूस घरात नसेल तर मी ते सुचवणार नाही.

कोडच्या छपाईविषयी आपण विचारलेले नाही, तरी नवे सिलिंडर करणारच आहात म्हणून सांगतो. क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४मध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. त्यात जितकी अक्षरे जास्त, तितक्या चौकटी जास्त. मध्यम दर्जाची दुरुस्तीक्षमता, म्हणजे सुमारे १५ टक्के खराबी सोसण्याची तयारी, धरली तर २६ अक्षरांपर्यंतची लिंक २५ × २५ चौकटींत बसते आणि १२० अक्षरांची लिंक ४५ × ४५ चौकटी घेते. कोडची रुंदी दोन सेंटिमीटर असेल तर पहिल्यात एक चौकट ०.८ मिलिमीटरची होते आणि दुसऱ्यात जेमतेम ०.४४ मिलिमीटरची. तेलकट हातांनी हाताळलेल्या, चकचकीत, चुरगळलेल्या पाउचवर या फरकाने कोड वाचला जातो किंवा जात नाही. कोडच्या चारही बाजूंना चार चौकटींइतकी कोरी जागा हवी, आणि कोड पाठीमागच्या मधल्या शिवणीवर येता कामा नये. लिंकमध्ये शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांसारखी एकमेकांत मिसळणारी अक्षरे टाळावीत, कारण फोनवर लिंक सांगण्याचे प्रसंग येतात. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, पण त्यापुढच्या भागात पडू शकतो. म्हणून तो भाग सर्वत्र एकाच प्रकारच्या अक्षरांत ठेवावा.

राहिली बाजारात गेलेली पाकिटे. त्यांच्यावरचा पत्ता दुसऱ्याच्या डोमेनचा असल्यामुळे भाचा किंवा विक्रेता यांपैकी कोणीही तो वळवू शकत नाही. दुसऱ्याच्या दारावर आपली पाटी लावता येत नाही. त्या सेवेकडे आपले खाते शाबूत असेल आणि एखाद्या वर्षाचे पैसे भरून कोड पुन्हा जिवंत होत असतील, तर हा माल संपेपर्यंत ते मुकाट्याने भरावेत. खाते गेले असेल, तर शिल्लक रोलवर नव्या कोडचे स्टिकर चिकटवण्याखेरीज मार्ग नाही.

प्रश्न : राजवाड्याजवळ आमचे महेश्वरी साड्यांचे दुकान आहे. जुन्या ग्राहकांना आम्ही नव्या मालाची माहिती एसएमएसने कळवतो. त्यात आखूड लिंक असली की संदेश पोहोचतच नाहीत. लिंक काढली की पोहोचतात. संदेश पाठवणारी एजन्सी ‘वरूनच अडते’ असे सांगते.
— एक वाचक, राजवाडा

उत्तर : एजन्सी खरे सांगते आहे, पण अर्धवट. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून ज्या लिंका आधी नोंदवून मान्य करून घेतलेल्या नाहीत, त्या असलेले व्यावसायिक एसएमएस मोबाइल कंपन्या पुढे जाऊ देत नाहीत. आपल्या संदेशांचे मसुदे ज्या डीएलटी नोंदणीत (मोबाइल कंपन्यांकडच्या व्यावसायिक संदेशांच्या नोंदणीत) आहेत, तिथेच लिंकचीही नोंद करावी लागते. सर्वांना खुल्या असलेल्या आखूड लिंकच्या सेवेमागे कोण दडले आहे हे संदेश पाहून कळत नाही, आणि फसवणूक करणाऱ्यांनी त्या आडोशाचा भरपूर उपयोग केला आहे. म्हणून वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे आपल्या डोमेनची आखूड लिंक करून घ्यावी आणि तिचा न बदलणारा भाग एजन्सीकडून नोंदवून घ्यावा. ग्राहकालाही अनोळखी अक्षरांच्या पत्त्यापेक्षा दुकानाच्या नावाचा पत्ता उघडताना कमी धाकधूक वाटते.

प्रश्न : मी सुदामानगरमध्ये घरून पारंपरिक मराठी स्वयंपाकाचे ऑनलाइन वर्ग घेते. नोंदणीच्या लिंकवर तीनशेच्या वर क्लिक दिसतात आणि प्रत्यक्षात नोंदणी अकरा जणींनी केली. माझे काही चुकते आहे, की हे आकडे खोटे आहेत?
— एक वाचिका, सुदामानगर

उत्तर : आकडे खोटे नाहीत, पण ते माणसांचे आहेत असे धरून चालू नये. काही ॲप लिंकखाली चित्र आणि शीर्षक दाखवण्यासाठी ते पान स्वतःच आधी उघडून पाहतात; कार्यालयीन ईमेलमध्ये सुरक्षेची तपासणी करणारे प्रोग्रॅम प्रत्येक लिंक उघडून बघतात; शोधयंत्रांचे बॉट येऊन जातात. काही सेवा असे क्लिक गाळतात, काही गाळत नाहीत. त्यात एकाच बाईने तीन वेळा उघडले तर ते तीन क्लिक. सेवेमध्ये ‘वेगळ्या व्यक्ती’ असा आकडा निराळा मिळत असेल तर तो पाहावा, तोही अंदाज म्हणूनच.

आपल्याला खरोखर उपयोगी पडेल ते असे, की सगळीकडे एकच लिंक देण्याऐवजी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाला एक, फेसबुकला दुसरी आणि वाण्याच्या दुकानात लावलेल्या कागदाला तिसरी लिंक द्यावी. तिन्ही लिंका एकाच अर्जाकडे वळवाव्यात आणि प्रत्येकीच्या शेवटी यूटीएमची शेपटी, म्हणजे माणूस कुठून आला हे सांगणारी काही अक्षरे, जोडावी. (यातला ‘यू’ हा अर्चिन या कंपनीच्या नावाचा, तिला गूगलने २००५मध्ये विकत घेतले आणि तिच्या साधनातून वेबसाइटवरच्या भेटी मोजणारे गूगलचे आजचे ॲनालिटिक्स उभे राहिले.) कोणत्या लिंकवरून किती अर्ज भरले गेले एवढेच मोजावे. काही रीडायरेक्ट साधने वळताना शेपटी गाळून टाकतात. म्हणून लिंक स्वतः उघडून, शेवटच्या पानाच्या पत्त्यात ती दिसते का हे एकदा पाहून घ्यावे. अकरा नोंदण्या वाईट नाहीत. त्यातल्या आठ जणी मंडळाच्या गटातून आलेल्या निघाल्या तर फेसबुकवरच्या जाहिरातीचे पैसे वाचतील.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या साऱ्या लिंका आणि क्यूआर कोड पूर्वीच्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेल्या खात्यात आहेत. तो आता संस्थेत नाही, पण संबंध चांगले आहेत. काय करावे?
— एका शिक्षणसंस्थेचे कार्यवाह, इंदूर

उत्तर : संबंध चांगले आहेत तोवर, म्हणजे याच आठवड्यात, त्यांना चहाला बोलवावे आणि समोर बसून खाते संस्थेच्या ईमेलवर बदलून घ्यावे. तो ईमेल एका माणसाच्या नावाचा नसावा, त्याचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि दुहेरी पडताळणीचा मोबाइल क्रमांक संस्थेचा असावा. त्याच बैठकीत डोमेन कोणाच्या नावावर नोंदवले आहे तेही पाहावे. माझा अनुभव असा, की तेही बहुतेक वेळा त्याच कर्मचाऱ्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर निघते. डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते. तेवढे पैसे एकदम भरणे शक्य नसेल, तर नूतनीकरणाची तारीख कार्यालयातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, वीजबिलाच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी.